यशस्वी उद्योगपती काय शिकले? नावाआधी सालं वाचा

एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राबरोबर एक छोटं सॉफ्टवेअर बनवलंय, आठ-दहा जण पैसे देऊन वापरतात. घरचे म्हणतात, आधी डिग्री घे, मग नामांकित ठिकाणाहून एमबीए कर, मग काय तो धंदा. पण गेट्स, झुकरबर्ग, जॉब्स यांच्यापैकी कुणीच कॉलेज पूर्ण केलं नव्हतं. मॅडम, मोठ्या कंपन्या चालवणारे लोक नक्की काय आणि कुठे शिकलेले असतात? मी कॉलेज सोडू का?"

गेली चोवीस वर्षं मी कंपन्यांना वरच्या पदांसाठी माणसं शोधून देते. सीईओ, वित्तप्रमुख, कारखान्याचा प्रमुख अशी पदं. थोडक्यात, बायोडेटे वाचणं हाच माझा धंदा. सुरुवातीची काही वर्षं मीही चारचौघांसारखीच वाचायचे. शेवटचं पान उघडायचं, कॉलेजचं नाव बघायचं आणि मनातल्या मनात निकाल लावून मोकळं व्हायचं. आता मी आधी सालं वाचते. माणूस कोणत्या साली काय शिकला, तेव्हा हातात नोकरी होती का, दोन पदव्यांमध्ये किती वर्षं गेली आणि त्या वर्षांत त्याने काय केलं. कॉलेजचं नाव सगळ्यात शेवटी. असं का, ते सांगते. पण आधी तुझ्या प्रश्नातली एक गाठ सोडवू.

"मोठ्या कंपन्या चालवणारे" म्हणताना तू दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसं एकाच पोत्यात भरली आहेस. काहींनी कंपनी स्वतः उभी केली. काही जण उभ्या असलेल्या कंपनीवर नेमले गेले. शिक्षणाचा हिशोब या दोघांचा एक नाही.

कंपनी उभी करणाऱ्याची परीक्षा गिऱ्हाईक घेतं आणि गिऱ्हाईक मार्कशीट मागत नाही. झारा ही कपड्यांची दुकानं ज्यांची, ते अमान्सिओ ऑर्तेगा तेरा-चौदा वर्षांचे असताना शाळा सोडून शर्टांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले. व्हर्जिन समूहाचे रिचर्ड ब्रॅन्सन सोळाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडले. धीरूभाई अंबानी मॅट्रिकनंतर थेट एडनला नोकरीला गेले. यांना कुणी कधी "कुठून पासआउट?" असं विचारून दारातून परत पाठवलं नाही, कारण ज्या दारातून ते आत गेले तिथे असा पहारेकरीच नव्हता.

नेमलेल्यांची यादी काढ, चित्र एकदम पालटतं. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांच्याकडे इंजिनिअरिंग, संगणकशास्त्र आणि एमबीए अशा तीन पदव्या. गूगलचे सुंदर पिचाई यांच्याकडेही तीन. ॲपलचे टिम कुक, जनरल मोटर्सच्या मेरी बारा, पेप्सिको चालवलेल्या इंद्रा नूयी या सगळ्यांकडे पदवी आणि त्यावर व्यवस्थापनाचं शिक्षण. चिप बनवणाऱ्या एएमडीच्या लिसा सू यांनी एमआयटीतून पदवी, पदव्युत्तर पदवी आणि १९९४ मध्ये डॉक्टरेटही घेतली. जनरल इलेक्ट्रिक वीस वर्षं चालवणारे जॅक वेल्च केमिकल इंजिनिअरिंगमधले डॉक्टर होते. एखाद्या मोठ्या, जुन्या कंपनीवर पदवी नसलेला माणूस नेमलेला दिसणं आता फार दुर्मीळ झालंय.

नेमलेले लोक जास्त हुशार असतात म्हणून असं होतं का? मी ज्या खोलीत बसते तिथलं कारण बरंच साधं आहे. नेमणूक करणाऱ्याला उद्या कुणाला तरी जाब द्यायचा असतो. संचालक मंडळाने माणूस निवडला आणि तो अपयशी ठरला, तर पहिला प्रश्न येतो, "काय बघून घेतला होता?" नामांकित कॉलेजचं नाव हे त्या प्रश्नाचं तयार उत्तर असतं. कंपन्या मला जो पात्रतेचा कागद पाठवतात त्यात "नामांकित संस्थेची पदव्युत्तर पदवी" ही ओळ जवळपास ठरलेली असते. त्या कामाला ती पदवी खरंच कुठे लागेल, असं मी विचारलं की बहुतेकदा समोरचा जरा गप्प होतो, मग म्हणतो, "असू द्या, सगळेच लिहितात." अर्थशास्त्रात मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार हाच: पदवी माणसाला काय शिकवते हे बाजूला ठेवा, ती समोरच्याला एक खूण देते. माणूस आतून कसा आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक खुणेवर भागवतात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

या खुणेवर मीही एकदा सपशेल आपटले आहे.

एका कंपनीला उत्पादनप्रमुख हवा होता. शेवटच्या फेरीत दोघं उरले. एकाकडे जगभर नाव असलेल्या बिझनेस स्कूलची पदवी, वयाच्या पंचविशीतच मिळवलेली, आणि त्यानंतर पायरीपायरीने वर गेलेली नीटनेटकी कारकीर्द. दुसऱ्याने डिप्लोमा करून शिफ्टमध्ये काम सुरू केलेलं, एकतिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन डिग्री पूर्ण केलेली. त्या कॉलेजचं नाव मला शोधावं लागलं होतं. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला: "गेल्या वर्षभरात स्वतःहून नवीन काय शिकलात?" पहिल्याने एका नेतृत्व शिबिराचं नाव सांगितलं. दुसरा थोडा अवघडला. मग म्हणाला, कॉम्प्रेशरचं वीजबिल कळत नव्हतं, म्हणून ते शिकलो. सुट्टीच्या दिवशी, मशिनं बंद असताना, हा गृहस्थ साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन हवेच्या पाइपलाइनच्या एकेका सांध्यावर फवारत फिरला होता. जिथे बुडबुडे, तिथे गळती. मग प्रत्येक छिद्रातून वर्षाला किती वीज उडते याचा हिशोब करायला तो पुस्तकं घेऊन बसला, कारण कॉलेजात हे कधीतरी शिकवलेलं त्याला आठवत होतं, फक्त तेव्हा ते कशासाठी आहे हे कळलं नव्हतं.

निवड पहिल्याची झाली. शिफारस माझीच होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही. चौदा महिन्यांत तो निघून गेला आणि कंपनीने मला पुन्हा फोन केला, आवाजात नाराजी होती. तेव्हापासून सालं वाचायची सवय लागली. दुसऱ्याच्या बायोडेटात डिप्लोमा आणि डिग्री यांच्यामध्ये नऊ वर्षं होती. त्या नऊ वर्षांत त्याच्याकडे प्रश्न जमा झाले होते आणि डिग्रीला तो ते प्रश्न घेऊन गेला होता. हे सगळं कागदावर होतं. मी वाचलं नव्हतं.

आता हीच दृष्टी घेऊन मोठ्या नावांकडे बघ.

पहिली पदवी आश्चर्य वाटावं इतकी साधी निघते. कुक ऑबर्न विद्यापीठातून १९८२ मध्ये इंडस्ट्रियल इंजिनिअर झाले. नडेला मणिपालमधून १९८८ मध्ये इलेक्ट्रिकल करून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत गेले. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग ओरेगन स्टेटचे. वॉलमार्टचे प्रमुख झालेले डग मॅकमिलन अर्कान्सा विद्यापीठाचे. १९८४ मध्ये त्यांनी त्याच कंपनीच्या गोदामात उन्हाळी काम केलं होतं. चीनच्या अलीबाबाचे जॅक मा विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि शेवटी हांगझोच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतून इंग्रजी शिकून १९८८ मध्ये बाहेर पडले. इंटेलचे अँडी ग्रोव्ह हंगेरीतून परागंदा होऊन अमेरिकेत आले ते तुटपुंज्या इंग्रजीसह. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये तेव्हा फी नव्हती, म्हणून ते तिथे शिकू शकले. १९६० मध्ये तिथली पदवी घेतली आणि तीन वर्षांत बर्कलीतून डॉक्टरेट.

गंमत दुसऱ्या शिक्षणात आहे, आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तरही तिथेच आहे. कुक यांनी ड्यूक विद्यापीठाचं एमबीए १९८८ मध्ये पूर्ण केलं ते आयबीएमची नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना बसून. नडेला १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये लागले तेव्हा त्यांचं शिकागोचं एमबीए अर्धवट होतं. नोकरी देशाच्या एका टोकाला आणि कॉलेज पार दुसरीकडे, म्हणून ते शनिवार-रविवारी विमानाने जाऊन वर्ग करत. पदवी हाती आली १९९७ मध्ये. हुआंग यांची पहिली पदवी १९८४ ची आणि स्टॅनफर्डची मास्टर्स १९९२ ची. मधली आठ वर्षं चिप कंपन्यांत नोकरी, घरसंसार आणि रात्रीचा अभ्यास. एनव्हिडिया निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी. पिचाईसुद्धा स्टॅनफर्डनंतर काही वर्षं नोकरी करून मगच एमबीए करायला व्हार्टनला गेले.

मेरी बारा यांची कथा जरा थांबून बघण्यासारखी आहे. जनरल मोटर्सची स्वतःची एक शिक्षणसंस्था होती. तिथे काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात असा आळीपाळीचा अभ्यासक्रम असे. १९८० मध्ये अठराव्या वर्षी बारा पाँटिअॅकच्या कारखान्यात उभ्या राहून गाड्यांचे मडगार्ड आणि बॉनेट तपासत होत्या. त्या पगारातून फी भरत होत्या. १९८५ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. पुढे कंपनीच्याच शिष्यवृत्तीवर स्टॅनफर्डला जाऊन १९९० मध्ये एमबीए. २०१४ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुख. वर्तमानपत्रांत "स्टॅनफर्डच्या एमबीए" असं छापून येतं आणि मडगार्ड तपासणारी ती मुलगी दिसेनाशी होते. वर्गात पुरवठा साखळीवर चर्चा चालू असताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुठला कारखाना येत असेल, याचा विचार कर. बाविसाव्या वर्षी थेट एमबीएला बसलेल्या पोराच्या डोळ्यांपुढे फक्त स्लाइड असते.

नायकीचे फिल नाइट हे याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. पत्रकारितेतली पदवी, तीही ओरेगन विद्यापीठाची, १९५९ ची. कॉलेजच्या संघातून ते मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावायचे, त्यामुळे पायात चांगला बूट नसला तर काय होतं हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. मग सैन्यात वर्षभर, आणि मग स्टॅनफर्डचं एमबीए. तिथे नव्या उद्योगांच्या तासाला एक निबंध लिहायला सांगितला. त्यांनी विषय घेतला धावण्याच्या बुटांचा: जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांना मागे टाकलं, तसं जपानी बूट जर्मन बुटांना टाकतील का? १९६२ मध्ये पदवी घेऊन हा माणूस खरोखरच जपानला गेला आणि बूट बनवणाऱ्या कंपनीकडून विक्रीचे हक्क मिळवायच्या मागे लागला. १९६४ मध्ये आपल्या जुन्या धावण्याच्या प्रशिक्षकाला भागीदार करून कंपनी काढली. त्या वर्गात असा निबंध सगळ्यांनीच लिहिला असणार, सबमिशन होतं ते. बाकीचे सबमिशन करून मोकळे झाले.

आता तुझे तीन देव: गेट्स, झुकरबर्ग, जॉब्स.

यांनी कॉलेज सोडलं हे खरं. पण "सोडलं" या क्रियापदात किती काय लपलंय बघ. गेट्स १९७३ मध्ये हार्वर्डला गेले तेव्हा त्यांना प्रोग्रॅमिंगचा पाच वर्षांचा सराव होता, कारण त्यांच्या शाळेत १९६८ मध्येच संगणकाचं टर्मिनल आलं होतं. शाळेच्या मातांच्या मंडळाने जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रीतून त्याचे पैसे उभे केले होते. त्या काळी अनेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही संगणकाला हात लावायला मिळत नव्हता. हार्वर्डमध्ये त्यांनी गणिताचा अतिशय कठीण समजला जाणारा वर्ग घेतला. उलटसुलट रचलेल्या चकत्यांची चळत कमीत कमी पलट्यांत कशी लावायची, या कोड्यावर त्यांनी जे काम केलं तो शोधनिबंध १९७९ मध्ये एका प्राध्यापकांसोबत छापून आला आणि त्यातली मर्यादा पुढे जवळपास तीस वर्षं कुणाला सुधारता आली नाही. अशा माणसाने १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट काढली. तीही हार्वर्डकडून रजा घेऊन. परतीचं दार उघडं होतं.

झुकरबर्ग यांचं पहिलं गिऱ्हाईकच कॉलेज. फेब्रुवारी २००४ मध्ये फेसबुक सुरू झालं ते फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी. हार्वर्डमध्ये नसते तर पहिले वापरकर्ते कुठून आणणार होते? मायकल डेल यांनी टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीत संगणक सुधारून विकायला सुरुवात केली आणि धंदा खोलीत मावेना तेव्हा, १९८४ मध्ये, पहिल्या वर्षानंतर ते बाहेर पडले. जॉब्स यांनी रीड कॉलेजमध्ये अधिकृतपणे एकच सत्र काढलं, पण नाव कमी केल्यावरही ते कॅम्पसवर राहिले आणि आवडेल त्या वर्गात जाऊन बसत. सुलेखनाचा वर्ग त्यातलाच, ज्याचा उपयोग पुढे मॅक संगणकाच्या फाँट्सना झाला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी डॉक्टरेट अर्धवट ठेवली, पण गूगल जन्मलं त्या संशोधनातूनच. या सगळ्यांनी पदवी सोडली. कॉलेजकडून जे घ्यायचं ते त्याआधीच घेऊन झालं होतं.

आणि सोडणाऱ्यांतही सगळे सारखे नसतात. अझीम प्रेमजींना १९६६ मध्ये स्टॅनफर्ड सोडावं लागलं ते वडील गेले म्हणून. एकविसाव्या वर्षी कंपनी अंगावर आली. राहिलेली पदवी त्यांनी काही दशकांनी पूर्ण केली. ॲपलचे दुसरे संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक श्रीमंत झाल्यावर बर्कलीला परतले, खोटं नाव लावून बसले आणि १९८६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली. त्यांना त्या कागदाची गरज उरली नव्हती, तरी गेले. कॉलेज सोडून कंपनी काढणाऱ्या तरुणांना सुरुवातीला १ लाख डॉलर देणारी गुंतवणूकदार पीटर थील यांची फेलोशिप तुला ठाऊक असेल. स्वतः थील यांच्याकडे स्टॅनफर्डच्या दोन पदव्या आहेत, एक तत्त्वज्ञानाची आणि एक कायद्याची. हसू येतं, पण यात ढोंग आहे असं मी म्हणणार नाही. ते मोजक्या मुलांना निवडतात आणि निवड होणं हीच पुन्हा एक खूण होते, कॉलेजच्या नावासारखीच.

एकोणीस वर्षांच्या संस्थापकाचं चित्र डोक्यात बसलं असेल तर एक आकडा घे. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांचा सरकारी नोंदींवरून केलेला मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हजारात एक म्हणावी अशा सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्या वेगळ्या काढल्या, तर त्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ निघालं. त्यामुळे तुझ्याकडे वेळ नाही, ही भीती काढून टाक. बेझोस १९८६ मध्ये प्रिन्स्टनमधून बाहेर पडले आणि आठ वर्षं नोकऱ्या करून तिशीत अॅमेझॉन काढली.

बेझोस यांचीच एक गोष्ट, त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलेली. प्रिन्स्टनला ते भौतिकशास्त्रज्ञ व्हायला गेले होते. एक समीकरण सुटेना. खोलीतला मित्र आणि ते तीन तास झटत बसले. शेवटी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाकडे गेले. त्याने कागद बघितला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कोसाइन." मग तीन पानं बीजगणित लिहून दाखवलं. बेझोस यांना त्याच क्षणी कळलं की आपण थोर भौतिकशास्त्रज्ञ होणार नाही. त्यांनी इलेक्ट्रिकल आणि संगणकशास्त्र घेतलं. चांगल्या कॉलेजचा हा फायदा माहितीपत्रकात छापत नाहीत: आपल्यापेक्षा खूप वरचा माणूस बाजूच्या बाकावर असतो आणि आपली उंची फुकटात मोजून मिळते. धंद्यात तेच मोजमाप फार महाग पडतं.

मग नामांकित कॉलेजच घ्यावं का? यावर दोन अभ्यास एकत्र वाचायला हवेत, कारण लोक आपल्या सोयीचा एकच सांगतात. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवलं की नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही जे साध्या कॉलेजात गेले, त्यांची पुढची कमाई नामांकितवाल्यांइतकीच होती. म्हणजे फरक मुलातच होता, कॉलेज फुकट श्रेय घेत होतं. पण त्यातच एक अपवाद निघाला. गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजचा खरा फायदा झाला. मला हे रोज दिसतं. ज्याच्या घरात चार मोठ्या लोकांचे फोन नंबर आहेत, त्याला कॉलेजने ओळखी दिल्या काय न दिल्या काय. ज्याच्या घरात नाहीत, त्याला त्या फक्त तिथेच मिळतात. दुसरा अभ्यास राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा, २०२३ चा. अमेरिकेतल्या अगदी वरच्या बारा खासगी विद्यापीठांत गेल्याने सरासरी कमाई फारशी बदलत नाही, पण कमाईच्या वरच्या १ टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढते. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. चांगलं आयुष्य साध्या कॉलेजातूनही तितकंच मिळतं. अगदी शिखरावरच्या मोजक्या खुर्च्यांकडे जाणारी शिडी मात्र त्या बारांच्या अंगणात जास्त वेळा लावलेली असते. शिखरावर बसणारे बसवणाऱ्यांकडूनच निवडले जातात, आणि बसवणाऱ्यांच्या खोलीचं वर्णन मी वर केलंच आहे.

विषयाबद्दल फार लिहीत नाही. इंजिनिअर जास्त दिसतात हे खरं. त्यांना अपुऱ्या माहितीवर अंदाजे आकडा काढून पुढे जायची सवय असते आणि प्रमुखाचं निम्मं काम तेच. पण यूट्यूब चालवणाऱ्या सुझन वोजिस्की इतिहास आणि साहित्य शिकलेल्या होत्या, रतन टाटा वास्तुकला (आर्किटेक्चर). किरण मजुमदार-शॉ प्राणिशास्त्रानंतर ऑस्ट्रेलियात जाऊन बिअर बनवण्याचं शास्त्र शिकल्या. त्या क्षेत्रात बाई म्हणून कुणी काम देईना, तर किण्वनाचं तेच ज्ञान घेऊन त्यांनी १९७८ मध्ये बायोकॉन ही कंपनी काढली. एखाद्या गोष्टीच्या तळापर्यंत एकदा तरी गेलेला माणूस मला मुलाखतीत पाच मिनिटांत ओळखू येतो. विषय कुठला, याने फरक पडत नाही.

कॉलेज निवडताना गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी काय केलं तेही सांगते. १९५० मध्ये त्यांना हार्वर्ड बिझनेस स्कूलने नाकारलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं पुस्तक वाचून आपण भारावलो ते बेंजामिन ग्रॅहम कोलंबियाला शिकवतात. ते तिथे गेले, १९५१ मध्ये पदवी घेतली, पुढे काही वर्षं ग्रॅहम यांच्याकडेच नोकरी केली. त्यांनी इमारत सोडून शिक्षक निवडला. आणि त्यांच्या कार्यालयाच्या भिंतीवर कोलंबियाची पदवी नाही. तिथे आहे डेल कार्नेगी यांच्या भाषणकलेच्या छोट्या वर्गाचं प्रमाणपत्र. चारचौघांत बोलायला त्यांचे पाय लटपटायचे, म्हणून पैसे भरून तो वर्ग केला होता.

खोटं मात्र कधी लिहू नकोस. २०१२ मध्ये याहूच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या परिचयात संगणकशास्त्राची पदवी लिहिलेली होती, प्रत्यक्षात त्यांची पदवी हिशेबशास्त्राची होती. बोभाटा झाला आणि नेमणुकीनंतर काही महिन्यांतच त्यांनी पद सोडलं. त्या पदासाठी कुणी त्यांची तीस वर्षांपूर्वीची पदवी बघितलीही नसेल. मी स्वतः दर वर्षी एखाद-दुसरा असा बायोडेटा पकडते. माणूस बरेचदा चांगला असतो, पण मग माझा नाइलाज होतो.

आता तुझं. आठ-दहा जण पैसे देतात ही चांगली सुरुवात आहे, पण अजून ती कॉलेजच्या खोलीत मावते. मायकल डेल यांच्यासारखी मावेनाशी झालेली नाही. संध्याकाळी आणि सुट्टीत त्यावर काम कर, परीक्षा दे. हे सॉफ्टवेअर कोण घेतंय तेही बघ. छोटे दुकानदार असतील तर त्यांना तुझ्या डिग्रीशी देणंघेणं नाही. बँका, रुग्णालयं, मोठ्या कंपन्या असतील तर त्यांचा खरेदी विभागही माझ्यासारखाच जाब देण्याच्या भीतीत बसलेला असतो, तो विचारेल. शिवाय हा धंदा बुडाला आणि उद्या नोकरी शोधायची वेळ आली, तर पहिल्या चार-पाच वर्षांत पदवीची ओळ चालते, ती नसली तर बायोडेटा माझ्यापर्यंत पोहोचतच नाही, खालीच गळतो. परदेशात नोकरीचा व्हिसा घेतानाही बऱ्याच ठिकाणी तीच अडचण.

एमबीएचं घरच्यांना सांग की नाही म्हणत नाही, आत्ता नको म्हणतो. बाविसाव्या वर्षी कर्ज काढून गेलास तर बाहेर आल्यावर हप्ता फेडायला मोठ्या पगाराची नोकरी धरावी लागते आणि कंपनी काढायचं राहूनच जातं. चार-पाच वर्षं काम कर. एखादा प्रश्न असा सापडेल की रात्री झोप लागत नाही आणि आसपास कुणाला त्याचं उत्तर माहीत नसतं. मग तो प्रश्न शिकवणारा माणूस कुठे आहे ते शोध आणि तिथे अर्ज कर, संध्याकाळचा वर्ग असला तरी चालेल.

आणि समजा सहा महिन्यांत गिऱ्हाइकं दहाची तीनशे झाली, तर? तेव्हा सोडण्याचा विचार कर, पण अर्ज रजेचा दे. तुझ्या विद्यापीठात एक किंवा दोन वर्षं खंड घेऊन परत येता येतं का, आधीचे गुण धरले जातात का, अभ्यासक्रम बदलला तर काय, जास्तीत जास्त किती वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते, हे नियमपुस्तिकेत लिहिलेलं असतं. परीक्षा विभागात जाऊन ते याच आठवड्यात वाचून ये. कारकुनाला तोंडी विचारू नकोस, कागद माग.